आवाजाचा वाटा

श्रावण अर्धा सरला की या पिशवीला वास सुटतो.

पिशवी काळ्या जाड कापडाची, आतून स्पंज लावलेली. आवाज टिपायचं यंत्र ठेवण्यासाठी बनवलेली. यंत्र कधीच गेलं, पिशवी राहिली. उन्हाळ्यात ती कपाटात कोरडी ठणठणीत पडून असते, तेव्हा तिच्यात नाक खुपसलं तरी धुळीशिवाय काही सापडत नाही. पण पावसाचे दोन महिने गेले, इथल्या भिंतींना थोडी ओल धरली, की तिच्या शिवणींतून पेडव्यांचा वास वर येतो. पेडवे म्हणजे आमच्या मालवणी किनाऱ्यावरचे बोटभर चंदेरी मासे. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी ते या पिशवीत शिरले, आणि मग पिशवीतून कधी पुरते बाहेर पडलेच नाहीत.

इथे समुद्र नाही. गावाहून गाडीत बसलं की दोन रात्री जातात तेव्हा हे शहर येतं. लिंबाची झाडं, मोर, हिवाळ्यात समोरचा माणूस दिसू नये असं धुकं. इथल्या विद्यापीठात मी शिपाई आहे. आठवीत शाळा सोडलेला माणूस विद्यापीठात आयुष्य काढतो, हे कुणाला सांगताना मला अजूनही घाबरायला होतं. वाटतं, कुणीतरी विचारील, तू इथे कसा रे? आणि मग सांगावं लागेल की एका बाईंनी आणलं.

त्या बाई मूळच्या बांद्याच्या, आमच्याच मुलखातल्या, पण दर्यापासून आतल्या गावच्या. वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं. गाणं शिकल्या, मग गाणं सोडून संगणकावर आवाजांची रचना करायला परदेशात शिकल्या, आणि परत येऊन या विद्यापीठात तोच विषय शिकवायला लागल्या. संगणक-संगीत. त्या काळी हा शब्द ऐकला की लोक दोन प्रकारे हसायचे. गाण्याच्या विभागातले म्हणायचे, यात सूर कुठे आहे? यंत्राच्या विभागातले म्हणायचे, यात यंत्र कुठे आहे? दोघांनी मिळून बाईंना ग्रंथालयामागची एक खोली दिली. पूर्वी तिथे जनरेटर होता. भिंतीवर तेलाचे ओघळ होते. बाईंनी त्या भिंतींना गाद्या ठोकल्या, चारी कोपऱ्यांत स्पीकर उभे केले, आणि दारावर स्वतःच्या हाताने विभागाचं नाव लिहिलं. एका माणसाचा विभाग. मी आल्यावर दोघांचा.

पण ते नंतरचं. आधी अठ्ठ्याण्णव सालचा तो श्रावण.

नारळी पुनव होऊन गेली होती. आमच्या वाडीत दर्याला नारळ घालून झाला होता, आणि रापण बाहेर पडली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते जाळं घेऊन पाण्यात अर्धा वेढा घालते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे माणसं उभी राहून ओढत राहतात. तास जातो, दोन तास जातात. पाय वाळूत रुततात, तळहाताची साल जाते. रापण एकट्याची नसते, दोराला हात लावला त्याचा वाटा. वाटेने जाणारा पाहुणा जरी दोन घटका ओढून गेला तरी त्याला मूठभर मासे दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. माझे बाबा त्या रापणीचे तांडेल होते, म्हणजे होडी कुठे वळवायची, दोर कधी ओढायचा, हे सांगणारे. मी दोरावर असायचो. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती.

बाई आल्या त्या आदल्या दिवशी. बाबांनी विचारलं, खंयची गो तू? बांद्याची म्हटल्यावर, मगे घरचीच, म्हणून चहा ठेवायला सांगितला. बाई म्हणाल्या, मला तुमच्या रापणीचा आवाज धरायचाय. ओढताना माणसं हाका घालतात, एकमेकांना शिव्या देतात, चिडवतात, त्या सगळ्याचा. विद्यापीठाने या कामाला मान्यता दिली होती. या कामावर त्यांची बढती ठरायची होती. हे त्यांनी बाबांना सांगितलं असेलही, पण बाबांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की उद्या आवाज धरणार.

सकाळी बाईंनी कानांना हेडफोनचे ते काळे चमचे लावले, काठीच्या टोकाला केसाळ बोंड लावलेला माईक धरला, आणि पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. होडी वेढा घालून आली. दोर हातात आले. आणि रापण ओढायला सुरुवात झाली ती मुक्याने.

कुणी हाक घालीना. कुणी कुणाच्या आईबहिणीची चौकशी करीना. एरवी आमचा एक चुलता इतका बोलायचा की त्याच्या तोंडाला मासे लागतात असं सगळे म्हणायचे, तोसुद्धा ओठ मिटून दोर ओढत होता. मीही. बाई एकदा इकडच्या दोराकडे यायच्या, एकदा तिकडच्या. त्यांच्या तोंडावर आधी आश्चर्य होतं, मग काळजी. त्या काही बोलू पाहत होत्या. पण बाबांनी हाताने खुणावलं, गप. जाळं अर्ध्यावर आलं की रापण थांबवता येत नाही, हे बांद्याच्या माणसालाही माहीत असतं. बाई थांबल्या. डोळे मिटून घेतले आणि जे होतं ते धरत राहिल्या. चाळीसेक माणसांचे श्वास. दोराची कुरकुर. वाळूत टाच रुतण्याचा दबका आवाज. जाळं जवळ आल्यावर उथळ पाण्यात माशांची सळसळ.

आदल्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना दम भरला होता. त्यांचा हिशेब साधा होता. आमच्या वाडीत यंत्र आलं ते फोटोचं, लग्नात. फोटोवाला सांगायचा, कोणी हलू नका. तर बाबा म्हणाले,

"फोटोक हालूचा नसता, तसा आवाजाक बोलूचा नसता. उद्या कोण बोललो तर बघा."

जाळं वाळूवर आलं. पेडव्यांनी फुगलेलं, उन्हात नुसतं उकळत असल्यासारखं. एवढी मासळी आलेली आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. बाबा बाईंजवळ गेले, माईकच्या बोंडाकडे अदबीने बघितलं, आणि हळूच विचारलं,

"गो बाय, आता आमी बोललव तर चलात?"

आता आम्ही बोललो तर चालेल का. बाईंनी यंत्र बंद केलं आणि वाळूतच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या ते मला दुरून कळेना. मग सगळी वाडी जी बोलायला लागली ती दुपारपर्यंत थांबली नाही. बाबांना जेव्हा कळलं की बाईंना नेमकं बोलणंच हवं होतं, तेव्हा ते इतके ओशाळले की त्यांनी पुन्हा दोर धरून खोटं खोटं ओरडून दाखवायची तयारी केली. बाई नको म्हणाल्या. त्यांनी ते कानाचे चमचे बाबांच्या डोक्यावर चढवले आणि शेवटचं वाक्य ऐकवलं. बाबांनी स्वतःचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. म्हणाले, हो मी? मगे म्हातारो झालंय.

वाटे घालायची वेळ आली. एकजण कुरकुरला की बाईंनी काही दोराला हात लावला नाही. बाबा म्हणाले, हिना आवाज वडल्यान, वाटो होयोच. हिने आवाज ओढलाय, वाटा हवाच. आणि बाईंच्या वाट्याचे पेडवे द्यायला दुसरं काही सापडेना, म्हणून ते या पिशवीत ओतले.

दुसऱ्या वर्षी बाई परत आल्या. विभागात स्पीकर उचलायला, तारा सांभाळायला, यंत्रांना ओल लागू न द्यायला माणूस हवा होता. इतकी वर्षं ओलीत राहिलेल्या माणसाला ओल कळते, असं त्यांचं म्हणणं. बाबांना विचारलं, ह्याका माझ्यावांगडा नेव काय? बाबा बाहेर दर्याकडे बघत होते. मोठ्या यांत्रिक होड्यांनी खोल पाण्यातच मासळी उचलायला सुरुवात केली होती, रापणीत जाळं रिकामं येण्याचे दिवस वाढत होते. ते म्हणाले, ने. हंय रवान काय करतलो? मग पाठमोरे वळत म्हणाले, पण चवथीक धाडून दी.

त्या चवथीचं बाईंनी पाळलं. दरवर्षी गणपतीला त्या मला घरी पाठवायच्या, विभागात कितीही काम असो. पण घरी गेलो की माझा जीव इकडे लागायचा. स्पीकरची बटणं बंद केली का, खिडकी उघडी राहिली का, पाऊस आत येत असेल का. इथेही तेच. संध्याकाळी फाटकापर्यंत जायचो आणि कुलूप ओढून बघायला परत यायचो. बाई म्हणायच्या, अरे, तुका कुलपाचो आजार आसा. औषध दिलं नाही कधी त्यांनी. उलट कधी कधी स्वतःच पाठून येऊन म्हणायच्या, चल, दोघे मिळून ओढून बघू.

त्या खोलीत मी ऐकायला शिकलो. आधी मला वाटायचं, आवाज म्हणजे जो कानावर येतो तो. बाईंनी दाखवलं की एका आवाजाच्या पोटात दुसरे किती असतात. त्या दोराची एक कुरकुर घ्यायच्या, पडद्यावर तिचा डोंगर दिसायचा, तो डोंगर उलटा करायच्या, ताणायच्या, त्याचा एक कण घेऊन हजार वेळा पेरायच्या. विद्यार्थी मोजके असायचे. कधी चार, कधी एकच. तो एक आला नाही तर बाई मला बसवून शिकवायच्या. मी म्हणायचो, बाई, माझ्या डोक्यात राहायचं नाही. त्या म्हणायच्या, डोक्यात कोण ठेव म्हणतंय.

त्या सकाळच्या ध्वनिमुद्रणातून त्यांनी रचना केली, तिचं नाव ठेवलं रापण. अंधारात मधोमध बसायचं आणि चारी कोपऱ्यांतून माणसांचे श्वास आपल्याकडे येत राहायचे, जवळ, आणखी जवळ, आपणच जाळ्यात असल्यासारखे. आणि या सगळ्याच्या खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक खोल घुमणारा आवाज. कधी चढायचा, कधी दबायचा, तुटायचा मात्र नाही. मला वाटायचं, ही गाज. पावसाळ्यात घराच्या मागे ऐकू यायची तशी. पाहुणे आले की मी अभिमानाने सांगायचो, ती खाली वाजते ना, ती आमच्या दर्याची गाज. बाई ऐकायच्या आणि तारा नीट करायला लागायच्या.

बाईंची बढती ठरवायला समिती आली ती याच खोलीत. तीन माणसं होती. मी दाराशी उभा, वीज जाऊ नये म्हणून देवाला आळवत. वीज गेली नाही. रचना वाजली. एकांनी विचारलं, यात मूळ चाल कोणती? दुसरे रचनेचं छापील पत्रक हातात घेऊन बसले होते. त्यावर रचनाकार म्हणून बाईंच्या नावाआधी रापणीतल्या झाडून सगळ्या माणसांची नावं होती. बाबांचं, चुलत्याचं, माझं. ते म्हणाले, मग यात आपलं एकटीचं किती? बाई म्हणाल्या, एक वाटा. तिघंही सभ्य माणसं होती, हसली. पण जे काम एकटीचं नाही ते बढतीसाठी धरता येत नाही, असं नंतर कळवलं. पुढच्या खेपेलाही तेच काम पुढे ठेवायचं होतं, तेव्हा मी बाईंना हात जोडून सांगितलं की आमची नावं काढा, आमच्यातलं कोण वाचायला येणार आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, मगे ते पेडवे परत करूचे लागतीत.

नावं राहिली. बढती झाली नाही.

बाबा गेले ते आषाढात. फोन विभागात आला, बाईंनी घेतला, आणि तो कानाला धरूनच माझ्याकडे वळून बघितलं. त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मी निघालो, पण घाटात दरड कोसळून गाडी अडकली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दर्या खवळलेला, होड्या माडाच्या झापांखाली झाकलेल्या, आणि घरात माणसं हळू आवाजात बोलत होती. शेवटचे काही दिवस बाबा बोलतच नव्हते, असं थोरली बहीण म्हणाली. विचारलेल्याला मान हलवायचे, एवढंच.

परत आलो आणि बाईंना म्हटलं, ती फीत लावा. तेवढं एक वाक्य. बाईंनी कपाटातून फितीची लहानगी डबी काढली. उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. ओल मी सगळीकडून अडवली होती, पण ही डबी पहिल्या पावसाळ्यातच, गावाकडेच, ओल घेऊन आली असावी. तरी बाईंनी ती यंत्रात घातली. यंत्राने ती खाल्ली. उघडून काढली तेव्हा गुंतलेल्या सुतळीसारखी बाहेर आली, चुरगळलेली. संगणकात उतरवून घेतलेली मूळ प्रत तर आधीच गेली होती, त्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बसली तेव्हा. बाई ती फीत मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, जाऊ द्या बाई. त्या चुरगळलेली फीत बोटाने सरळ करत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, त्यांना फितीचं वाईट वाटतंय.

मग विद्यापीठात चलतचित्रांचा, म्हणजे अॅनिमेशनचा, अभ्यासक्रम आला. त्याला मुलं रांग लावून यायला लागली. आमच्या दारावरची पाटी बदलून डिजिटल कला अशी झाली, बाई त्यातल्या एका कोपऱ्यात आल्या, मग कोपराही लहान झाला. भिंतींवरच्या गाद्या निघाल्या, त्यामागे जनरेटरच्या तेलाचे ओघळ तसेच होते. कुणी वाईट वागलं नाही. सगळे बाईंना नमस्कार करायचे. फक्त त्यांच्या विषयाला कुणी येईना. यंदा त्या निवृत्त झाल्या आणि संगणक-संगीत अभ्यासक्रमातून निघालं. ज्या पदावर आल्या होत्या त्याच पदावरून गेल्या.

सामान बांधायला मी होतो. पुस्तकं झाली, तारा झाल्या. बाई बांद्याला परत जाणार होत्या, बंद घर उघडायला. त्यांनी मला समोर बसवलं. दोघेच असलो की त्या मालवणीत बोलायच्या, इतरांसमोर कधी नाही. म्हणाल्या,

"एक सांगूचा आसा तुका. ती गाज दर्याची न्हय रे. तो तुझो बापूस."

मला समजेना. मग त्यांनी सावकाश समजावलं. बाबांचं ते शेवटचं वाक्य त्यांनी फीत चांगली असताना घेतलं होतं आणि ताणलं होतं. इतकं ताणलं की एवढ्याशा वाक्याला वीस मिनिटं लागावीत. शब्द विरघळले, राहिली ती घुमण. तीच त्यांनी सगळ्या रचनेखाली अंथरली. बाबा गेल्यावर मी फीत मागितली तेव्हा हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण धीर झाला नाही. म्हणाल्या, तू बापाशीचो आवाज मागलंस, आणि मी त्यातला बोलणाच काढून टाकलेला. खंयच्या तोंडान सांगतलंय?

त्या पुढे काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. मी मोजत होतो. मोजता येईना. किती वेळा मी ती रचना लावली असेल. नव्या मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, स्पीकर तपासायला, नुसती सवय म्हणून. बाबा गेले त्याच्या आधी आणि नंतर. गावाहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, रडू येऊ नये म्हणून काम काढलं होतं, तेव्हाही तीच लावली होती. दर्या म्हणून.

मी बाईंच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले. मला सांगायचं होतं की तुम्ही ताणलं नसतं तर ते बुरशीनं खाल्लं असतं. नीट सांगता आलं नाही.

मी इथेच आहे. आता चलतचित्रवाल्यांच्या खोल्यांची कुलपं ओढून बघतो. चांगली मुलं आहेत. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, हा ताणलेला आवाज आखडून परत मूळचा करता येईल का? त्याने खटपट केली. काहीतरी ओलं, घोगरं आलं. माणसाचं वाटलं, पण कुठल्याही माणसाचं. मी म्हटलं, राहू दे.

काल पुनव होती. इकडे या दिवशी राखीची सुट्टी, सगळी इमारत रिकामी. सकाळी बहिणीचा फोन आला. नारळ सोडलो म्हणाली. मी विचारलं, रापण? म्हणाली, नाय रे ह्या वर्षा. माणसा खंय आसत? जाळा इकल्यानी. म्हणजे जाळंही विकून टाकलं. मग तिने बाकीचं सांगितलं, चवथीला कोण येणार, कौलं बदलली. मी हो हो म्हणत होतो.

दुपारी मी खोली उघडली. स्पीकर आता दोनच आहेत. पिशवी शेजारी ठेवली, वास होताच. बाईंनी दिलेली तबकडी लावली आणि मधोमध बसलो. श्वास येऊ लागले. त्यांच्या खालून ते आलं.

शब्द मला पाठ आहेत, त्यामुळे वाक्य कुठवर आलं ते आता अंदाजाने कळतं. सुरुवातीची ती चढत जाणारी घुमण म्हणजे 'गो बाय' असावं. मग बराच वेळ ते 'बोललव' मध्ये असतात. मध्ये एक जागा येते, जिथे आवाज इतका बारीक होतो की संपला असं वाटतं. तिथे ते श्वास घेत असावेत. 'चलात' यायला खूप वेळ लागतो.

तोवर मी बोलत नाही. बाहेर कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. बाबांचं विचारून व्हायच्या आधी मध्येच कसं बोलायचं?